माझ्या दस्त्यावरची जखम

घाबरू नका, हात वर करू नका. मी बंदूक आहे खरी, पण रबराची. माझ्या नळीतून आजवर एक गोळी सुटलेली नाही; तरी दोन महायुद्धं जिंकून मी निवांत बसले आहे.

ॲडलेडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. खऱ्या रायफलीचा साचा काढून त्यात रबर ओतलं, वाकू नये म्हणून पोटात सळी घातली, वरून लाकडाचा रंग फासला. सिनेमावाल्यांचा कारभार सरळ असतो. कॅमेऱ्याजवळच्या नटाला खरी रायफल, आणि मागे लांब धडपडून मरणाऱ्यांना आम्ही! ब्रोकन हिल या खाणगावाबाहेरच्या लाल मातीत मी सकाळी आफ्रिकेत पडायचे आणि जेवणानंतर तुर्कस्तानात. मध्ये फक्त टोप्या बदलायच्या.

युद्ध संपलं, लिलाव झाला आणि मर्विन ट्रेझाइजने मला घरी आणलं. हा खाणीतला निवृत्त इलेक्ट्रिशियन. गॅरेजमध्ये लाकडी हातबॉम्ब, प्लॅस्टिकच्या संगिनी, पत्र्याची मशीनगन. मोटार बिचारी बारा महिने उन्हात. त्याची बायको नोलीन शेजारणीला म्हणायची, "शत्रू आलाच ना गं, तर हसून हसून मरेल."

त्याच आठवड्यात माझ्या दस्त्यावर चार खड्डे पडले. ते दिसताच मर्विन हरखला. "नोल, अगं धावत ये! शूटिंगमधली खूण!"

सिनेमातल्या वस्तू जमवणाऱ्या या छंदिष्टांच्या मंडळाची एक रीत आहे. वस्तूवरची खूण पडद्यावरच्या चित्राशी जुळली, की वस्तू प्रदर्शनात मानाच्या टेबलावर. नाही जुळली तर चहाच्या पिंपाशेजारी. मर्विनचा संसार कायम पिंपाशेजारी. मग काय, रोज संध्याकाळी तो सिनेमा थांबवून थांबवून माझे खड्डे शोधू लागला. "लग्नानंतर एका सिनेमाचा शेवट म्हणून पाहिला नाही मी," नोलीन कुरकुरायची.

खड्डे कुणी पाडले ते मला ठाऊक होतं. टॅफीने. घरची केल्पी, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या जातीची कुत्री. तेव्हा वर्षाची अल्लड होती, दात शिवशिवत होते. तिच्या झोपायच्या टोपलीतले रबराचे तुकडे नोलीनने गुपचूप कचऱ्यात टाकले. कारण मर्विनने दम भरला होता, "गॅरेजातलं काही चावलीस ना, तर थेट भावाच्या मेंढ्यांकडे रवानगी!" नोलीन गप्प, म्हणून मीही गप्प. नाहीतरी मला कोण विचारतंय?

वर्षं गेली. टॅफीचं तोंड पांढरं झालं. आणि एके दिवशी मर्विनला चित्र सापडलं! धुरळ्यात कोसळणारा शिपाई, त्याच्या हाती बंदूक, बंदुकीवर चार काळे ठिपके. माश्या असाव्यात. पण मर्विन दोन दिवस जेवला नाही.

प्रदर्शनात मंडळाचा पारखी डेस हॅराडिन भिंग घेऊन मला न्याहाळू लागला. मर्विनने तर टाय बांधला होता. नोलीन सँडविचं घेऊन आली, मागून टॅफी.

"हं, जुळतंय बुवा," डेस म्हणाला. "मानाच्या टेबलावर घ्यायला..."

एवढ्यात टॅफी सावकाश पुढे आली. टेबलाबाहेर आलेला माझा दस्ता तिने हुंगला, जुनी मैत्रीण भेटावी तसा तोंडात धरला आणि डोळे मिटले. चार दात, चार खड्डे. एक केस इकडे नाही की तिकडे नाही.

डेसने भिंग खाली ठेवलं.

"मर्व," डेस खाकरला, "खूण जुळली बघ. पण सिनेमा दुसराच निघाला."

मर्विन लालबुंद. "नोल, तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग इतकी वर्षं मला त्या पडद्यासमोर बसू दिलंस?"

"तू हिला मेंढ्यांकडे धाडलं असतंस."

मर्विन टॅफीकडे बघत राहिला. ती अजून मला धरून होती, शेपटी हळूहळू हलत होती. त्याने टाय सोडला. "मेंढ्यांनी हिला दुसऱ्याच दिवशी हाकललं असतं," तो पुटपुटला आणि मला उचलून स्वतःच पिंपाशेजारी ठेवून आला.

गेल्या हिवाळ्यात टॅफी गेली. परवा डेस रबराचा लगदा घेऊन घरी आला. "आण ती, खड्डे बुजवून देतो. नवीकोरी दिसेल."

डेसने मला उचललं, तर मर्विनने त्याच्या हातातून काढूनच घेतलं. "हात लावायचा नाही! हिने खरी लढाई पाहिली ती एवढीच."

हल्ली मी गॅरेजात नसते. स्वयंपाकघराच्या दाराशी, त्या रिकाम्या टोपलीवर खिळ्याला लटकलेली असते. कधी आलात तर सिनेमाबद्दल विचारू नका, खड्ड्यांबद्दल विचारा. मर्विन सगळं सांगेल. फक्त मधे थांबला तर थोडं थांबा. नोलीन तोवर चहा टाकते.