झारोलिन नावाचं व्यसन

"वास येतोय ना? हाच तो वास," खेळाचे सर मुलीचं दप्तर माझ्या नाकाखाली धरून म्हणाले. "झारोलिनचा. मी लांबूनसुद्धा ओळखतो."

मी वाकून वास घेतला. खरकट्या डब्याचा आणि ओल्या रुमालाचा वास होता. बावीस वर्षं मी शाळांतून हिंडते आहे. त्या वयाच्या पोरांची सगळी दप्तरं असाच वास मारतात. पण सरांचा आवेश असा, की चोर मुद्देमालासकट पकडला आहे.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही सहाजण होतो. टेबलामागे मुख्याध्यापिका, बाजूला हे सर. खुर्चीवर आमच्या संशोधन संस्थेचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतंच डॉक्टर म्हणतो. दाराशी ती मुलगी, दहावीतली, सोळा वर्षांची. तिच्या शेजारी तिची आई, कपडे शिवायच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली, खांद्यावर दोऱ्यांचे तुकडे तसेच. आणि सहावी मी. सिगारेट, तंबाखू, दारू आणि बाकीच्या नशांबद्दलचे फॉर्म वर्गावर्गांत जाऊन मुलांकडून भरून घेणं हे माझं काम. पोरं मला फॉर्मबाई म्हणतात. त्याहून वाईटही म्हणत असतील, पण पाठीमागे.

टेबलावर एक फॉर्म होता आणि त्याच्याजवळ फाडलेलं पाकीट. पाकीट आमच्या पाहणीचं होतं.

मुलं फॉर्मवर नाव लिहीत नाहीत. भरून झाला की स्वतःच्या हाताने पाकिटात घालून चिकटवतात आणि माझ्या पेटीत टाकतात. "तुमच्या शाळेतलं कुणी हे वाचणार नाही, घरचंही नाही," असं मी प्रत्येक वर्गाला शब्द देते. म्हणूनच पेटी हातातून सोडायची नाही असा नियम आहे. परवा आमची गाडी आली नाही, पाठीत उसण भरली होती, आणि मी ती पेटी एका रात्रीपुरती शाळेच्या कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप होतं. कुलपाची किल्ली कुणाकडे असते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

"अक्षर मी लगेच ओळखलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चार वर्षं हिच्या वह्या तपासतेय. हे बघा. झारोलिन घेतलं आहे का? हो. किती वेळा? दहापेक्षा जास्त! अहो, एवढीशी पोर!"

"मी चौकशी केलीय," सर म्हणाले. "कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. डोळे लाल होतात, भूक मरते. पुढच्या आठवड्यात त्यावर व्याख्यानच ठेवलंय."

एरवी मला हसू फुटलं असतं. कारण झारोलिन नावाचा पदार्थ या जगात नाही. ते नाव मी ठेवलं आहे.

त्याचं असं आहे. अशा पाहणीत काही पोरं फुशारकी मारतात. जे विचाराल ते सगळं केलेलं असतं! म्हणून यादीत एक खोटं नाव घुसवायचं. त्याला जो 'हो' म्हणेल तो थापाड्या. त्याचा फॉर्म बाजूला काढायचा. बैठकीत आम्ही तिघं नाव शोधत बसलो होतो, चहा गार होत होता, तेव्हा मी म्हटलं, झारोलिन. जे तोंडात आलं ते. हे गुपित आम्हा तिघांनाच ठाऊक होतं: डॉक्टर, आकडेवारी पाहणाऱ्या मॅडम आणि मी. ते फुटलं तर उरलेल्या अठरा शाळांतली पोरं आधीच सावध होणार आणि सगळी पाहणी नव्याने करावी लागणार. चार महिन्यांची पायपीट पाण्यात, आणि त्यातली निम्मी माझ्या पायांची.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली.

"मॅडम, परीक्षा दोन महिन्यांवर आलीय," मुलीची आई म्हणाली. "आता शाळेतून काढून दाखला हातात दिलात तर दुसरी शाळा कोण घेईल हिला?"

"हे हिला आधी सुचायला हवं होतं."

आई मुलीकडे वळली. "अगं, बोल ना काहीतरी! तोंड शिवलंय का तुझं?"

मुलगी भिंतीकडे बघत उभी. मग मीच विचारलं, "तू 'हो' का लिहिलंस गं?"

"आता कारणं कशाला विचारता?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

पण मुलीने मान वर केली होती. "फॉर्मच्या आदल्या दिवशी ह्या मॅडम वर्गात आल्या. म्हणाल्या, सगळ्यांनी सगळीकडे 'नाही' लिहायचं, शाळेचं नाव खराब व्हायला नको. मला राग आला. मग मी एक 'हो' लिहिलं. जे काय असतं तेच ठाऊक नाही, त्याला. मागे पण लिहिलंय."

मी फॉर्म उलटा केला. 'आणखी काही सांगायचे आहे का?' या चौकटीत एकच ओळ होती. 'आम्हाला उत्तरे आधीच सांगितली आहेत.'

अख्ख्या पेटीतून नेमका हाच फॉर्म शिक्षेला का निवडला, ते मला तेव्हा कळलं. झारोलिन हे निमित्त होतं. मुख्याध्यापिकांना बोचत होती ती ही ओळ.

"एक मिनिट बाहेर या," डॉक्टर मला म्हणाले.

व्हरांड्यात ते आवाज खाली आणून बोलू लागले. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. "बाई, आपण शाळेला रीतसर पत्र देऊ. पाकीट फोडलं हे गंभीर आहे, मान्य. पण झारोलिनचं गुपित फोडू नका. या आकड्यांवर हजारो मुलांसाठी निर्णय व्हायचेत."

"रीतसर म्हणजे किती दिवस?"

ते मैदानाकडे बघू लागले.

"त्या हजारोंनाही मीच शब्द दिलाय, डॉक्टर. कुणी वाचणार नाही म्हणून. हिच्या बाबतीत तो माझ्याच चुकीने मोडला. आता ही घरी बसणार आणि मी उद्या पुढच्या शाळेत जाऊन तीच टेप वाजवणार?"

"तुमचं कंत्राट मी वाचवू शकणार नाही."

"कंत्राट तुमच्या हातात आहे," मी म्हटलं. "तोंड माझं आहे."

आणि आत आले. भीती वाटत होती, उगाच शौर्याचा आव आणत नाही. घरी कमावणारी मी एकटी.

"झारोलिन असं काही नसतं," मी म्हणाले. "नाव मी बनवलंय, चहा पिता पिता. थापा पकडायला."

सरांनी दप्तर सावकाश खाली ठेवलं. "पण वास..."

"डबा धुतला नसेल, सर."

मुख्याध्यापिका मात्र कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "म्हणजे ही खोटं बोलली, हे तुम्हीच सिद्ध केलंत."

"बोलली ना. एकदा. बाकीच्या वर्गाला तुम्ही किती वेळा बोलायला लावलंत, ते मोजायचं का? सिगारेटला 'नाही', दारूला 'नाही', सगळ्यालाच 'नाही'. एवढी सद्गुणी शाळा मी बावीस वर्षांत पाहिली नाही. द्या दाखला. कारण काय लिहिणार? जगात नसलेल्या पदार्थाचं व्यसन? लिहा, साक्षीदार म्हणून मी सही करते. पाकीट कुणी फाडलं, तेही खाली लिहू."

माझा आवाज चढला होता. दारातून दोन शिपाई डोकावून गेले. मुख्याध्यापिकांनी टेबलावरची पेनं सरळ केली, मग पुन्हा वाकडी केली. शेवटी मुलीकडे न बघता म्हणाल्या, "जा वर्गात."

डॉक्टर माझ्याजवळून जाताना थांबले. "उद्यापासून येऊ नका, बाई." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. बावीस वर्षं एका वाक्यात आटोपली.

बाहेर येऊन मी जिन्याच्या पायरीवर बसले. मुलगी वर्गात गेलीच नव्हती. तिची आई नळावर पाणी प्यायला गेली, तशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पेटी मी कपाटात ठेवली," मी म्हटलं. "चूक माझी. माफ कर मला."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "कोरा फॉर्म आहे?"

"आता तुमच्या शाळेचे फॉर्म मोजणार नाहीत. आणि मला तर काढूनच टाकलंय."

"असू दे. मला खरं लिहायचंय."

शेजारचा वर्ग रिकामा होता. तिला शेवटच्या बाकावर बसवलं, फॉर्म दिला, पाकीट दिलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. आई दाराबाहेर थांबली. सगळीकडे 'नाही' लिहिणाऱ्याला हा फॉर्म भरायला सात मिनिटं पुरतात. 'हो' लिहिलं की पुढचे प्रश्न सुरू होतात: कधीपासून, किती, कुणासोबत, सोडावंसं वाटतं का. मी घड्याळ पाहत होते. सात झाली, दहा झाली. पेन थांबायचं, पुन्हा चालायचं. वीस मिनिटांनी पाकीट चिकटवल्याचा आवाज आला.

दारात आईने मला अडवलं. तिनेही घड्याळ पाहिलं होतं. "काय लिहिलं तिने एवढं?"

"मला माहीत नाही."

"तुमच्यामुळे वाचली ती, उपकार आहेत तुमचे. पण मी आई आहे हो." आणि तिने पाकिटासाठी हात पुढे केला.

तिचा हात मला समजत होता. मलाही एक लेक आहे. मी पाकीट छातीशी धरलं आणि म्हणाले, "नाही देणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात मागे घेतला आणि काय करावं न सुचून मुलीच्या खांद्यावरचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. दोघी मैदानातून फाटकाकडे निघाल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. अर्ध्यावर आईने काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. मुलगी थांबली. आई पुढे गेली नाही, तीही थांबली.