मादाम बऱ्या आहेत

“आणि मस्यू, मादामना आणायचंच बरं का! सबबी चालणार नाहीत,” अध्यक्षीणबाईंनी बजावलं. “सत्कार सपत्नीक आहे. स्टेजवर दोन खुर्च्या मांडायला सांगितल्यात मी.”

मस्यूंच्या तोंडात बिस्किट होतं. ते त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ चावलं.

“अहो, माझं एकट्याचं पुरे की. तिला कशाला उगाच...”

“वा! इतकी वर्षं तुम्ही मंडळाचे चिटणीस. सुट्टीचा दिवस आला की तुम्ही घराबाहेर, आणि घर सांभाळलं कुणी? त्या माउलीनं. खरं तर सत्कार त्यांचाच. तुम्ही आपले सोबतीला या.”

खजिनदार हसले. ते सहसा हसत नसत. हसण्याचीही पावती फाडावी लागते असा त्यांचा समज असावा. ते हसले म्हणजे ठराव मंजूर. कार्यकारिणीत उरलेली माणसं एवढीच होती. मस्यूंनी मान हलवली. ती ‘हो’ अशी हलली की ‘नाही’ अशी, हे बघायला अध्यक्षीणबाई थांबल्या नाहीत.

मस्यू हे काही त्यांचं नाव नव्हे. वर्गातली पोरं ‘सर’ऐवजी तशी फ्रेंच हाक मारायची, आणि निवृत्त होताना पेन्शनबरोबर तेवढी एक हाक त्यांच्या हक्काची म्हणून उरली. फ्रेंच शिक्षक मंडळाचं नाव पत्राच्या माथ्यावर दोन ओळी अडवून बसायचं. माणसं मात्र वर्षागणिक गळत चालली होती. एका शाळेनं फ्रेंच काढून संगणक आणला, दुसरीनं जिच्यात नोकऱ्या मिळतात म्हणे अशी दुसरी भाषा आणली. राहिलं ते एवढंच: मुलांची पाठांतर स्पर्धा, शिक्षकांची कार्यशाळा, वार्तापत्र आणि शनिवारचं टेबल. पहिल्या दोन गोष्टींत फोटो निघत, म्हणून त्या अध्यक्षीणबाईंकडे होत्या. उरलेल्या दोन मस्यूंकडे.

शनिवारचं टेबल म्हणजे शाळेमागच्या कॉफीच्या दुकानातली मागची खोली. तिथं नियम एकच. टेबलाशी बसलं की फ्रेंचच बोलायचं. घरच्या भाषेतलं काही तोंडातून निसटलं की डब्यात नाणं टाकायचं. डबा जुना, बिस्किटांचा, झाकणाला चीर पाडलेला. एके काळी तीन टेबलं जोडावी लागत आणि डबा कसा खणखणत असे. आता एका टेबलाच्याही खुर्च्या रिकाम्या उरत. डबा गप्प असे, कारण येणारी माणसं मुरलेली होती.

अशा टेबलाची एक गंमत असते. तिथं माणूस मनातलं बोलत नाही, येतं ते बोलतो. हवा कशी आहे हा तिसऱ्या धड्यातला प्रश्न, तो सगळ्यांना येतो. त्यामुळे मंडळानं आजवर हवेवर जेवढी चर्चा केली तेवढी वेधशाळेनंही केली नसेल. पाचवा धडा कुटुंबाचा. “आपल्या पत्नी कशा आहेत?” “त्या बऱ्या आहेत, आभारी आहे.” हे प्रश्नोत्तर मस्यूंनी इतक्या वर्गांकडून घोकून घेतलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं.

आणि तसंच आलं. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. ताप अंगावर काढला, त्याचं निमित्त झालं. मंडळाच्या वार्तापत्रात बातमी आली नाही, कारण वार्तापत्र लिहिणारे तेच. घरातली माणसं पांगली, मुलगी तिच्या गावी परतली, आणि शनिवार उजाडला. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून मस्यू टेबलावर गेले. समोर व्याकरणबाई होत्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, कडक इस्त्रीच्या. आजारी पडल्या तर औषध घेण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी तपासतील, असं त्यांच्याबद्दल म्हणत. गुडघ्यांमुळे त्या नेहमी कडेच्या खुर्चीवर, पाय मोकळे सोडून बसत. त्यांनी नेहमीच्या सुरात फ्रेंचमध्ये विचारलं, “आपल्या पत्नी कशा आहेत?”

“त्या बऱ्या आहेत, आभारी आहे,” मस्यूंची जीभ म्हणाली.

वाक्य बिनचूक होतं. व्याकरणबाईंनी मान डोलावली आणि हवेचा विषय काढला.

मुद्दल एका वाक्याचं, पण व्याज चढत गेलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच प्रश्न आला. त्याच्या पुढच्या शनिवारी मस्यूंनी आपणहून एक वाक्य जोडलं: पत्नीनं नवे पडदे लावले. मग ती पोहायला शिकली. मग तिनं खिडकीत कुंड्या ठेवल्या. फ्रेंचमधली ही बायको फार सौम्य होती, कारण पाठ्यपुस्तकातल्या बायका सौम्यच असतात. खरी स्वयंपाकघरातून ओरडायची, “अर्धी अक्षरं लिहायची नि अर्धी गिळायची! भाषा आहे का थट्टा? त्यापेक्षा गुळण्या करा, घसा तरी साफ होईल!” फ्रेंचमधली असं कधी म्हणाली नाही. पण होती. आठवड्यातून एकदा, एक कप कॉफी संपेपर्यंत, ती होती. परवाच तिला सर्दी झाली होती, आणि अध्यक्षीणबाईंनी शुद्ध फ्रेंचमध्ये वाफ घ्यायला सुचवलं होतं.

आता त्या बायकोला स्टेजवर न्यायचं होतं.

घरी येऊन मस्यू वार्तापत्र लिहायला बसले. ‘मंडळाच्या चिटणिसांचा सपत्नीक सत्कार’ एवढं टाइप झालं आणि बोटं थांबली. आजवर कुणाला नातू झाला, कुणाला बढती मिळाली, कुणाचं दुःखद निधन झालं, सगळ्यांचं त्यांनी लिहिलं होतं. ‘सपत्नीक’ खोडून पाहिलं. वाक्य दात पडल्यासारखं दिसू लागलं. परत घातलं.

सर्दीचा ताप करता आला असता. तापाचं पुढचं करता आलं असतं. तेवढे शब्द त्यांच्याकडे होते. पण एकाच माणसाला दोनदा पोचवायचं त्यांच्या जिवावर आलं.

फोन वाजला. मुलगी.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो.”

“काय केलं होतंत?”

“केलं काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे काय हो बाबा? काहीतरी नावाचा पदार्थ असतो का?”

“अगं, रविवारी माझा सत्कार आहे. मंडळाचा.”

“अय्या, खरंच? आई असती तर...” ती थांबली. “मी आले असते हो, पण पोरांच्या परीक्षा आहेत.”

“नको नको. छोटंसंच आहे. घड्याळ देतील नि चहा पाजतील.”

फोन ठेवल्यावर घरात पुन्हा बोलणं उरलं नाही.

शनिवारी टेबलावर व्याकरणबाई एकट्याच होत्या. बाकीचे रविवारच्या तयारीत. दुकानदारानं न विचारता दोन कॉफ्या आणून ठेवल्या.

“आज ढग आहेत,” मस्यू फ्रेंचमध्ये म्हणाले.

“होय. परंतु थंडी नाही.” बाईंनी साखर ढवळली. “आणि आपल्या पत्नी कशा आहेत? सर्दी बरी झाली का?”

मस्यूंनी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयार होतं. त्यांनी तोंड मिटलं, खिसा चाचपला, एक नाणं काढलं आणि डब्यात टाकलं. रिकाम्या डब्यात त्याचा फारच मोठा आवाज झाला.

“ती गेली हो,” ते आपल्या भाषेत म्हणाले. “चार वर्षं झाली.”

व्याकरणबाई डब्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स उघडली. त्यांचंही नाणं पडलं.

“ठाऊक आहे मला.”

इतक्या वर्षांत मस्यूंनी त्यांचा हा आवाज ऐकलाच नव्हता. घरच्या भाषेत तो खालच्या पट्टीतला होता, खळ धुऊन गेलेल्या कापडासारखा मऊ.

“ठाऊक आहे?”

“पेपरात वाचलं होतं. आले होते मी तुमच्या दारापर्यंत. आत माणसं बसलेली दिसली. आणि मनात आलं, ह्या गृहस्थाशी आपण आपल्या भाषेत कधी अक्षर बोललेलो नाही. आता काय म्हणायचं? फ्रेंचमध्ये सांत्वन करायचं? तुमच्या माणसांनी वेड्यात काढलं असतं मला. फिरले मागे.”

“मग दर शनिवारी विचारत का होतात?”

“पहिल्यांदा सवयीनं निघून गेलं हो तोंडातून. जीभ चावली मी. तर तुम्ही म्हणालात, बऱ्या आहेत.” बाईंनी कप उचलला, पण प्यायल्या नाहीत. “मी काय खोडणार? वाक्यात चूक नव्हती.”

“आणि नंतर?”

“नंतर काय! मला तरी दुसरं कोण आहे ‘कशी आहे’ म्हणून विचारायला? घरी गेलं की मी आणि भिंती. तुमच्या त्या पडदे लावायच्या, पोहायला जायच्या, तेवढंच बरं वाटायचं. ओळखीच्या झाल्या होत्या माझ्या.”

हवेबद्दलही कुणी काही बोललं नाही. मग मस्यूंनी पाकिटातून एक नोट काढली, घडी घातली आणि चिरेतून आत सरकवली.

“सुटे परत मिळायचे नाहीत हां,” बाई म्हणाल्या.

“राहू देत.”

“मग बोला तेवढ्याचं. खरी कशी होती?”

मस्यूंनी बोलायला सुरुवात केली आणि काहीच आलं नाही. चार वर्षांत तिच्याबद्दल या भाषेत कुणी विचारलं नव्हतं. मुलगीसुद्धा ‘आई असती तर’ याच्या पुढे जात नसे. व्याकरणबाई थांबल्या. उत्तर येत असलेल्या पोरासाठी मास्तरीण थांबते, तशा. ओठ न हलवता, घाई न करता.

“ती म्हणायची,” मस्यू अखेर म्हणाले, “अर्धी अक्षरं लिहायची नि अर्धी गिळायची, ही भाषा आहे का थट्टा? त्यापेक्षा गुळण्या करा.”

बाई एकदम हसल्या. कॉफी बशीत सांडली. दुकानदारानं मान आत घालून पाहिलं. या खोलीतून आजवर त्याला फक्त पुटपुट ऐकू यायची.

“मग? पुढे?”

पुढे मस्यू बोलत गेले. तिला पाण्याची भीती होती. पोहणं सोडाच, ती टबात हात घालायची नाही. पडदे लग्नातलेच होते. कुंड्यांवर तिचा राग, डास होतात म्हणून. कॉफीवर साय धरली, ती तशीच निवली.

निघताना दाराशी बाई नेहमीसारख्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या, “पुन्हा भेटू.”

मस्यू बरेच पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दर शनिवारी ‘पुन्हा भेटू’च्या मागे ‘मादामना माझा नमस्कार’ असायचं. आज नव्हतं. ते फुटपाथवर उभे राहिले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालू लागले.

रविवारी ते सगळ्यांच्या आधी सभागृहात पोचले. त्यांच्याआधी फक्त अध्यक्षीणबाई होत्या, दोन्ही हातांत दोन पुष्पगुच्छ धरून.

“एकटेच? मादाम कुठायत?”

“ती नाही. चार वर्षांपूर्वीच वारली. कळवायचं राहून गेलं.”

“अहो, काय बोलताय काय! परवा तर त्यांना सर्दी...” अध्यक्षीणबाईंचं वाक्य तिथंच थांबलं. त्या मस्यूंकडे बघत राहिल्या, मग हातातल्या फुलांकडे. “सॉरी, मस्यू. मला खरंच... थांबा, ती खुर्ची काढायला सांगते मी कुणाला तरी.”

“कुणाला सांगू नका. इथल्या खुर्च्या मीच मांडतो.”

ते खरंच होतं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या त्यांनीच मांडल्या होत्या. मस्यू स्टेजवर चढले. दोन खुर्च्यांपैकी डावीकडची उचलली आणि जपून, पायऱ्या चाचपत, खाली आणली. ती कुठे ठेवावी याचा थोडा विचार केला. मग पहिल्या रांगेच्या कडेला ठेवली आणि रुमालानं पुसली.

लोक येऊ लागले. मस्यू स्टेजवर एकटे बसले होते. व्याकरणबाई आल्या, नेहमीप्रमाणे कडेच्या जागेकडे वळल्या आणि थांबल्या. त्यांनी ती जास्तीची खुर्ची पाहिली. मग तिला वळसा घालून, गुडघे सांभाळत, त्या तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.