कान्सुकेची ड्यूटी

"ड्यूटीवर होता?" हात्सुनोने विचारलं. "दारू पिऊन गाडी चालवत होता, आणि ड्यूटीवर होता?"

सुगेनुमासाहेबांनी रुमालाने मान पुसली. दिवस थंडीचे होते, घाम यायचं काही कारण नव्हतं. पण प्रांताच्या कचेरीतल्या त्या टेबलावर बसणाऱ्याला बारा महिने घाम येत असावा. विमानतळावर राबणाऱ्या जपानी कामगारांचे पगार आणि तक्रारी त्यांच्याकडे, आणि तळावरच्या अमेरिकनांनी गावात येऊन केलेले पराक्रमही त्यांच्याकडेच. आज एकाच घरी ते दोन्ही कामं घेऊन आले होते. येताना गोडाचा पुडाही आणला होता. तो चटईवर तसाच पडून होता.

"निरोपसमारंभ होता, इबुकीबाई," ते म्हणाले. "त्यांच्या मोठ्या साहेबांची बदली झाली, त्याचा. सगळ्यांनी हजर राहायचं, असा हुकूमच होता. सार्जंट हुकमाने गेला, म्हणजे ड्यूटीवर गेला. तिथून बाहेरच्या क्वार्टरवर परत निघाला, तेही ड्यूटीतच धरतात."

"आणि पिणं?"

"ते... ओघाने येतं."

कोपऱ्यात सासूबाई वाळवायचे मुळे दोरीला बांधत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"ओघाने!" त्या म्हणाल्या. "आमच्या कान्सुकेने जन्मभर ओघाने कोळशाचा धूर गिळला. तो नाही बाई कुणी ड्यूटीत धरला."

"आजी, मी समजू शकतो..."

"समजू नका. सांगा. खटला कधी आहे?"

सुगेनुमासाहेबांनी पुन्हा मान पुसली. खटला आपल्या कोर्टात होणार नव्हता. अमेरिकन ड्यूटीवर असला की त्याचं काय करायचं ते त्याचं लष्कर ठरवणार, तसा दोन देशांत करार होता. वरच्या लोकांनी विचार करूनच केला होता. शेवटी ते लोक इथे आपल्या रक्षणासाठीच होते.

"असं होय!" सासूबाई म्हणाल्या. "मग त्यांच्यापासून राखायला आणखी कुणीतरी मागवा की. त्यांच्याशीही करार करा."

हात्सुनो हसली नाही. ती कान्सुकेच्या फोटोकडे बघत होती. फोटो तळावरच्या पासासाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. दुसरा चांगला फोटोच नव्हता. त्याच्या शेजारी पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थिकलश होता. रीतीप्रमाणे मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी तो देवळामागच्या थडग्यात ठेवायचा होता.

"यांचं काय मग?" तिने विचारलं. "हेही ड्यूटीवरच होते ना? बॉयलरवरूनच घरी येत होते."

"त्यांनी कार्ड मारलं होतं, बाई. कार्ड मारून गेटाबाहेर पडलं की आपल्याकडे ड्यूटी संपते. पुढे रस्त्यात काही झालं तर तो खाजगी अपघात. नियम आहे तसा."

हात्सुनोने चटईवर बोट ठेवलं.

"हे गेट. बरोबर? ह्याच गेटातून तो बाहेर पडला, ह्याच गेटातून हे. हा रस्ता. तो घरी चालला होता, हेही घरी चालले होते. तो पिऊन मोटारीत, हे दिवसभर कोळसा ओढून सायकलवर. मागून येऊन त्याने यांना उडवलं. आणि तो ड्यूटीवर, आणि हे नाहीत?"

"कागदोपत्री... हो."

"पुन्हा सांगा."

"बाई..."

"नाही, पुन्हा सांगा. मला नीट ऐकायचंय."

सुगेनुमासाहेबांना ते पुन्हा सांगता येईना. हात्सुनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज चढवायची तिला सवय नव्हती. तिने गोडाचा पुडा उचलून त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"हा परत न्या. मला एकच हवंय. त्या माणसाला इथे आणा. कोर्ट नाही तर नाही. त्याने ह्या दारातून आत यावं, ह्यांच्यापुढे डोकं टेकावं आणि एक उदबत्ती लावावी. एकोणपन्नासाव्याच्या आत. माफीचे शब्द आमच्या भाषेत येत नसले तर त्याच्या भाषेत म्हणू दे. हे समजून घेतील, त्यांना येत होती थोडी."

"विचारतो," साहेब म्हणाले, आणि खरंच विचारायला गेले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याच्यावर धड ओरडता तरी आलं असतं.

कान्सुके इबुकीबद्दल सांगण्यासारखं फार काही नव्हतं. तळावर अमेरिकन यायच्या आधी तिथे आपलंच लष्कर होतं, तेव्हापासून तो त्याच बॉयलरवर होता. मध्ये युद्धावर गेला, हाडांचा सापळा होऊन परत आला, तर बॉयलर तिथेच, फक्त मालक बदललेले. "आगीला काय, कोण हुकूम देतो ते कळत नाही," असं म्हणून त्याने पुन्हा फावडं उचललं. पाच-सहाशे गोऱ्यांच्या अंघोळीचं पाणी तो तापवायचा. घरी मात्र आईची अंघोळ झाल्याशिवाय स्वतः अंघोळीच्या टाकीतल्या त्याच पाण्यात उतरायचा नाही, आणि तिला पाणी निवलेलं आवडायचं नाही, म्हणून पुन्हा चार लाकडं सारायचा. सकाळी जाताना उंबऱ्यात उभा राहून "जाऊन येतो" म्हणायचा, संध्याकाळी तिथेच उभा राहून "आलो" म्हणायचा. आतून आई म्हणायची, "आलास का?" एवढं झाल्याशिवाय त्याने कधी बूट काढले नाहीत.

त्या दिवशी "जाऊन येतो" म्हणाला होता. "आलो" म्हणायचं राहून गेलं.

हात्सुनो गेटासमोरच्या लाँड्रीत इस्त्री करायची. तळावरचेच गणवेश. नवरा गेल्यावर आठवड्याने ती पुन्हा कामावर उभी राहिली, कारण घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. शर्टाच्या खिशावर नावं शिवलेली असायची. सार्जंटचं नाव तिला आता माहीत होतं. प्रत्येक खिसा ती आधी वाचायची आणि मग इस्त्री टेकवायची. तो शर्ट आला असता तर तिने काय केलं असतं, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तो आला नाही.

"हात्सुनो, एक सांगू?" लाँड्रीची मालकीण एकदा हळूच म्हणाली. "फार ताणू नकोस गं. तळ आहे म्हणून आपल्या चुली पेटतात. त्या व्हिएतनामच्या लढाईमुळे तर धंदा दुप्पट झालाय. उद्या त्यांनी कपडे दुसरीकडे टाकले तर?"

"मी काय ताणलंय, काकू? एक उदबत्ती मागितली."

"तेच गं. त्यांना तीही जड वाटते."

डोक्यावरून विमान गेलं. दोघी नेहमीसारख्या बोलायच्या थांबल्या आणि आवाज विरल्यावर पुन्हा कामाला लागल्या. गावातल्या सगळ्या गप्पा अशाच तुकड्यातुकड्यांनी होत.

एकोणपन्नासाव्याच्या आदल्या दिवशी सुगेनुमासाहेब पुन्हा आले. या खेपेला पुडा नव्हता आणि ते आतही आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"त्यांच्या वकिलांनी नाही म्हणून सांगितलं. माफी मागितली तर चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणाले."

"चूक कुणाची आहे मग?"

साहेबांनी रुमाल काढला.

"मग मीच जाते त्याच्याकडे. गेटावर बोलवा त्याला."

"तो इथे नाहीये, बाई. गेल्या आठवड्यात त्याला मायदेशी पाठवलं. बदली झाली."

"समारंभ केला असेल," आतून सासूबाई म्हणाल्या.

हात्सुनोने दाराची चौकट धरली. इतके दिवस ती रोज सकाळी एक चांगली उदबत्ती बाजूला काढून ठेवत होती, येणाऱ्याच्या हातात द्यायला. घरात झाडलोट करत होती. तो आला तर त्याच्या अंगावर ओरडायचं नाही, त्याला चहा द्यायचा, असंही तिने मनाशी ठरवलं होतं. हे सगळं ती ज्याच्यासाठी करत होती, तो समुद्रापार आपल्या घरी पोचलासुद्धा होता. दारात उभं राहून त्याने आपल्या भाषेत "आलो" म्हटलंही असेल.

"आणखी एक," साहेब खाली बघत म्हणाले. "सांगायला लाज वाटते. पण कान्सुकेंचा पास परत द्यावा लागेल. तो तळाच्या मालकीचा आहे. ते सारखे विचारताहेत."

हात्सुनोने वर बघितलं.

"माणूस त्यांचा नाही, पण पास त्यांचा?"

"हो."

"ड्यूटी संपली की पास द्यायचा, असंच ना?"

"हो."

"मग उद्या संध्याकाळी या. पाळी सुटल्यावर. ड्यूटी संपली की देते."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळातल्या भिक्षूंनी येऊन सूत्रांचा पाठ केला. अस्थी लगेच थडग्याकडे न्यायच्या, अशी पद्धत. हात्सुनोने त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "महाराज, उद्या आणते. आज आधी घरी यायचंय त्यांना." भिक्षू बुचकळ्यात पडले, पण सासूबाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

काळा किमोनो नेसून, कलश छातीशी धरून हात्सुनो चालत गेटाशी गेली. कलशाच्या पांढऱ्या गाठीत तिने कान्सुकेचा पास अडकवला होता, फोटो बाहेर दिसेल असा. भोंगा झाला. कामगार कार्ड मारून बाहेर पडू लागले. बॉयलरवरचा मोरोझुमी तिला बघून सायकलवरून उतरला.

"वहिनी? तुम्ही इथे कशा?"

"घ्यायला आलेय यांना," ती म्हणाली.

मोरोझुमीने पासावरचा फोटो बघितला आणि काय ते समजला. मागून येणाऱ्यांना त्याने हातानेच खूण केली. एकेक सायकल थांबत गेली.

गेटावर चौकीत अमेरिकन शिपाई होता आणि बाहेर आपला पहारेकरी, कान्बे. अमेरिकन काहीतरी बोलला. कान्बे पुढे आला. वीस वर्षं तो कान्सुकेला रोज आत-बाहेर करताना बघत होता.

"वहिनी, गेटासमोर थांबायला मनाई आहे," तो अगदी हळू म्हणाला. "तो म्हणतोय, मोर्चा असला तर..."

"मोर्चा नाही, भाऊजी. थांबणारही नाही. कामावरून घरी चाललेत हे. तुम्ही रोज जे म्हणता ते म्हणा, की निघते."

कान्बेने एकदा मागे चौकीकडे पाहिलं. मग टोपी काढली, कमरेत वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चला कान्सुके, सुटलात! दमला असाल."

हात्सुनो निघाली. मोरोझुमी सायकल हातात धरून मागे चालू लागला, आणि त्याच्या मागे बाकीचे. कुणी घोषणा दिली नाही, कुणी बोललं नाही. चाकांची तेवढी टिकटिक येत होती. लाँड्रीच्या दारात मालकीण उभी होती. आधी ती आत गेली, मग पुन्हा बाहेर आली आणि हात जोडून उभी राहिली. मागून तळावरची एक लांबलचक मोटार आली, भोंगा वाजवू लागली. पण रस्ता अरुंद, माणसं पुष्कळ, आणि एकही माणूस बाजूला झाला नाही. मोटार त्यांच्या मागून पावला-पावलाने येत राहिली.

जिथे ते झालं होतं, त्या वळणाशी हात्सुनो पोचली. कान्सुके याच्या पुढे आलाच नव्हता. तिने कलश घट्ट धरला आणि ते वळण ओलांडलं.

घराशी सुगेनुमासाहेब येऊन उभे होते, टोपी हातात घेऊन. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती उंबऱ्यात जाऊन थांबली. मागे सगळे थांबले. काय म्हणायचं ते ठाऊक होतं, पण तिने आधी कलश नीट सावरला.

"आलास का?" आतून सासूबाईंनी विचारलं, रोज विचारायच्या तसंच.

"आलो," हात्सुनो म्हणाली.

"फार उशीर केलास रे आज." म्हातारी म्हणाली. "पाणी तापवलंय. आज तू आधी अंघोळ कर, मी मागून करीन."

मोरोझुमीने तोंड फिरवलं. हात्सुनोने गाठीतून पास सोडवला, वळली आणि तो साहेबांच्या हातावर ठेवला.

"घ्या. आता ड्यूटी संपली त्यांची."

पास दोन्ही हातांत धरून सुगेनुमासाहेब वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"अगं, त्याला लवकर आत आण," आतून म्हातारी म्हणाली. "पाणी निवतंय."

हात्सुनोने कलश आत ठेवला, चपला काढल्या आणि दार ओढून घेतलं.