काळा घोडा

"आजी, घोडा कुठंय?" चिहायाने तिसऱ्यांदा विचारलं. फोन डोंगराकडे रोखून ती सकाळपासून हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभी होती. माझ्या थोरल्या भावाची, कोसाकूदादाची ही नात, तोक्योहून दोन दिवसांसाठी आलेली. दादा तिथे अंथरुणाला खिळलाय आणि एप्रिल लागल्यापासून एकच विचारतोय, घोडा दिसला का?

"बर्फाचे दहा फोटो पाठवले. आजोबा म्हणतात, यात घोडाच नाही."

"पांढरा शोधत असशील."

"मग? हाकुबा म्हणजे पांढरा घोडाच ना? स्टेशनवरही तेच लिहिलंय."

माझं डोकंच फिरलं. "स्टेशनवाल्यांनी कधी भात लावलाय? डोंगराचं नाव शिरोउमा. शिरो म्हणजे चिखलणीचं खाचर, उमा म्हणजे घोडा. बर्फ वितळलं की कड्यावर काळ्या खडकाचा घोडा उघडा पडतो. तो दिसला की चिखलणी. नकाशेवाल्यांना शिरो म्हणजे पांढरा वाटलं, त्यांनी पांढऱ्याचं अक्षर ठोकून दिलं. ती अक्षरं हाकुबा अशीही वाचता येतात, म्हणून बाहेरच्यांनी हाकुबा केलं, आणि आता गावालाही तेच चिकटलंय."

"अगं, एवढं चिडायला काय झालं?" ती हसली.

तिला काय सांगणार? घोडा आधी दादालाच दिसायचा. बांधावरून ओरडायचा, "तात्सू, घोडा आला!" मी हातातलं टाकून धावायचे. मी पुढे आमच्या खऱ्या घोड्याला धरायचे, तो मागे औत. चिखलात एकट्याने उतरायचं नाही, हा घरचा नियम. नोकरीसाठी गेला तेव्हा म्हणाला, घोडा दिसला की येईन. त्याला आता साठ वर्षं झाली. दर वर्षी मी वाट पाहिली, अजून पाहते. बाबांच्या मागे खाचर विकावं लागलं, त्यावरच हे पार्किंग झालं. दादाला आम्ही ते सांगितलेलं नाही.

चिहायाचा हात धरून मी फोन कड्याकडे वळवला. "ते बघ डोकं. खाली पाय."

तिने आजोबांना फोन लावून घोडा दाखवला.

"आला!" दादा म्हणाला. "तात्सूला हाक मार. म्हणावं, एकटी उतरू नकोस चिखलात. मी पोचतोच."

चिहायाने फोन माझ्या हातात दिला. मी पार्किंगच्या कठड्यावर बसले.

"नाही उतरत, दादा," मी म्हटलं. "बांधावरच बसलेय. तू ये."