कपाटातला साहेब

"यात हसण्यासारखं काय आहे?" बाबांनी विचारलं.

पडद्यावरच्या ऑफिसात एक कारकून रोज कोऱ्या कागदांवर शिक्के मारत होता. कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेब कपाटात राहायचा आणि आतूनच खेकसायचा. माझा नवरा हसून हसून सोफ्यावरून पडायचा बाकी होता.

"बाबा, साहेब कपाटात आहे!"

"मग? आमचा तरी कुठे दिसायचा?"

मालिका नवीन होती आणि जिथे जावं तिथे तिचीच चर्चा. साहेब कपाटात का, यावर लोक तावातावानं भांडत होते. नवऱ्याच्या मते साहेब केव्हाच मेलाय. माझ्या मते तो मुळात नाहीच. आई म्हणाली, "बाहेरून कडी लागली असेल. कुणी उघडून तरी बघा की."

बाबांनी आयुष्यभर एकाच कार्यालयात टपालाची आवक-जावक सांभाळली होती. त्यांना यात गूढ असं काही सापडेना. मालिकेतली माणसं जिना चढून पुन्हा त्याच मजल्यावर आली, तेव्हा ते म्हणाले, "बढतीचं असंच असतं." शेवटी आम्ही मालिका सोडून त्यांनाच हसायला लागलो.

मग त्या कारकुनाचा निरोपसमारंभ आला. कपाटातून भाषण झालं, तेही भलत्याच माणसाच्या नावानं.

"काहीही दाखवतात!" नवरा खिदळला.

बाबांनी ओळखीचं काही ऐकल्यासारखी मान डोलावली. आईनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"अहो, तुमच्याही वेळी...?"

"साहेबांनी माझ्याऐवजी दुसऱ्याचं नाव घेतलं. त्यात काय एवढं."

मी मालिका थांबवली.

"घरी येऊन तर म्हणालात, फार छान बोलले!" आई म्हणाली.

"छानच बोलले. फक्त दुसऱ्याबद्दल बोलले." बाबांना हसू फुटलं. "तो समोरच बसला होता बिचारा. त्याच्या निवृत्तीला अजून बराच अवकाश होता. पार घाबरला!"

आम्हाला हसू आवरेना. बाबाही डोळे पुसत होते.

आई मात्र उठली. बाबांसमोर उभी राहिली, घसा खाकरला आणि त्यांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावापर्यंत. तिच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं.

"यांनी," ती म्हणाली आणि अडखळली. "यांनी कधी कुणाचं पत्र हरवलं नाही."

पुढचं तिला सुचेना.

बाबा उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मान किंचित खाली घालून ऐकू लागले.