निम्म्या कंपनीची मालकीण

करवर्ष संपत आलं की बाईंच्या जेवणाच्या टेबलावर कंपनीची सभा भरायची. सभा म्हणजे काय, तर ताटं उचलून झाली की नवरा खिशातून पेन काढायचा आणि म्हणायचा, "अगं, इथे एक सही कर. आणि इथे." बाई सही करायच्या. सभा संपायची.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. एखाद्या पोराने नकाशात नदी डोंगरावर चढवली तर ती चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. पण नवऱ्याच्या कागदांवर त्या डोळे झाकून सही करत आल्या होत्या. त्याची लिफ्टदुरुस्तीची छोटी लिमिटेड कंपनी होती. ती काढताना करसल्लागाराने सुचवलं म्हणून निम्मे शेअर बाईंच्या नावावर ठेवले होते. हा सल्लागार कुठलीच रक्कम पूर्ण आकड्यात सांगत नसे, म्हणून घरात त्याचं नाव 'दशांश' पडलं होतं. कंपनीचा कर भरून जो नफा उरेल त्यातून दरवर्षी डिव्हिडंड निघायचा आणि निम्मा बाईंच्या खात्यात जमा व्हायचा. तो इतका किरकोळ असायचा की आला काय नि गेला काय, बाईंना पत्ताही लागत नसे.

या वर्षी मात्र सही करता करता बाईंचं पेन थांबलं.

"अहो, हा आकडा बरोबर आहे?"

"बरोबर आहे. नफा जास्त झालाय."

"कसा काय?"

"कसा काय म्हणजे? झाला."

"'झाला' हे उत्तर मी सातवीच्या पोरालाही लिहू देत नाही," बाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

नवरा हसला. पण बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. आपण निम्म्या मालक आहोत, आणि आपल्या मालकीचं नेमकं काय आहे हे आपल्याला ठाऊकच नाही, हे त्यांना एकदम फार विचित्र वाटलं. "मला कंपनी बघायचीय," त्यांनी जाहीर केलं.

"कंपनी म्हणजे एक व्हॅन आणि हत्यारांच्या चार पेट्या. काय बघणार?"

कॉलेजात जाणारी लेक आतून ओरडली, "बाबा, मालक येतायत म्हटल्यावर निदान व्हॅन तरी झाडून घ्या!"

शनिवारी शाळा नव्हती. बाई नवऱ्याबरोबर एका उंच जुन्या इमारतीत गेल्या आणि जिना चढून थेट गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत पोचल्या. तेलाचा आणि तापलेल्या धुळीचा वास येत होता. मधोमध एक भलंमोठं चाक होतं आणि त्यावरून पोलादी दोर खाली अंधारात उतरत होते. खाली कुणीतरी बटण दाबलं असावं. खट् करून ब्रेक सुटला आणि ते चाक त्यांच्या डोळ्यांदेखत फिरायला लागलं.

"दोराच्या या टोकाला लिफ्ट. मग त्या टोकाला काय?"

"वजन. लिफ्ट वर आली की ते खाली जातं. म्हणून तर एवढीशी मोटर पुरते."

"म्हणजे इतकी वर्षं मी लिफ्टमध्ये उभी असताना भिंतीपलीकडून एक अख्खं धूड माझ्या शेजारून जात होतं?"

"दर खेपेला."

बाई खूश झाल्या. मग त्यांच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. दोर तुटला तर? वीज गेली तर? दार उघडं राहिलं तर? नवऱ्याने आधी एकेका शब्दात उत्तरं दिली, पण नंतर तोही रंगात आला. घरी मोजकंच बोलणारा हा माणूस ब्रेकबद्दल मात्र भरभरून बोलत होता. आपण याला हे कधी विचारलंच कसं नाही, असं बाईंना वाटून गेलं.

मग काम सुरू झालं. ब्रेक नीट बसवायचा होता. नवरा मोटरपाशी पाना फिरवायचा, मग जिना उतरून लिफ्टच्या टपावर जाऊन काहीतरी बघायचा, आणि पुन्हा वर यायचा. दोन-तीन खेपा झाल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही खाली गेलात की वर कोण असतं?"

"मीच."

"आणि वर असलात की खाली?"

"मीच. सरक जरा, पाना दे."

उजवा हात त्याने अंगाशी धरला होता. पाना त्याने डाव्या हाताने घेतला.

"लंबू कुठाय?" बाईंनी विचारलं. लंबू हा कंपनीचा दुसरा मेकॅनिक, सुरुवातीपासूनचा.

"दुसऱ्या साइटवर," म्हणत तो जिन्याकडे वळला.

इमारतीचा रखवालदार पाण्याची बाटली घेऊन वर आला होता. तो सहज बोलून गेला, "लंबू तर केव्हाच सोडून गेले की! मोठ्या कंपनीत लागले. तेव्हापासून साहेब एकटेच येतात. मागे एकदा खांदा धरून इथेच पायरीवर बसले होते. म्हटलं, डॉक्टरला बोलावू? तर म्हणाले, होईल बरं."

काम आटोपून दोघं व्हॅनमध्ये बसली तेव्हा बाईंनी विचारलं, "लंबूला पगार किती होता?"

नवऱ्याने आकडा सांगितला आणि सांगताक्षणी त्याने जीभ चावली.

"हं. म्हणजे नफा कसा झाला ते कळलं," बाई म्हणाल्या. "दुसरा माणूस का नाही ठेवलात?"

किल्ली लावलेली होती, पण तो ती फिरवेना. समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "आधी चांगला माणूस मिळेना. मग वाटलं, हे वर्ष असंच काढू. दरवर्षी तुझ्या हातावर चिल्लर ठेवतो. एकदा तरी असा आकडा असावा की तू थांबून बघशील."

"बघितलाच की," बाई म्हणाल्या. "आता घरी चला. आज खरीखुरी सभा घेऊ."

त्या संध्याकाळी लेकीने इतिवृत्त लिहायला घेतलं. नवरा अध्यक्ष झाला. त्याने ठराव मांडला: सगळा नफा डिव्हिडंड म्हणून वाटावा. तो बाजूने, बाई विरोधात. मतं समसमान.

"अध्यक्षाला जादा मत असतं," नवरा म्हणाला.

"विचारा दशांशांना."

फोन स्पीकरवर लावला. दशांशांनी घसा साफ केला. "तुमच्या कंपनीच्या नियमावलीत तशी तरतूद नाही. ठराव बारगळला. अभिनंदन, म्हणजे, माफ करा."

"नफा वाटलाच पाहिजे असं आहे का?" बाईंनी विचारलं.

"मुळीच नाही. कंपनीत ठेवता येतो. मात्र जेवढा वाटायचाय तेवढा करवर्ष संपायच्या आत वाटा, नाहीतर तुम्हा दोघांची डिव्हिडंडवरची या वर्षीची करसवलत वाया जाईल. आणि दोघांचे शेअर सारखे, तेव्हा रक्कमही सारखीच. दशांशापर्यंत."

लेक तोंडावर हात दाबून हसायला लागली.

बाईंनी दुसरा ठराव मांडला: थोडा डिव्हिडंड घ्यायचा, उरलेल्यातून मेकॅनिकचा पगार काढून ठेवायचा, आणि अध्यक्षांनी सोमवारी खांदा दाखवायला जायचं.

"खांदा ठरावात येत नाही," नवरा म्हणाला.

"येतो. कंपनीची सगळ्यात महागाची मशिनरी आहे ती."

नवऱ्याने लेकीकडे बघितलं. लेक वहीत डोकं खुपसून भराभरा लिहीत होती. अखेर त्याने हात वर केला, डावा. ठराव एकमताने मंजूर झाला आणि पैसे मुदतीत खात्यांवर गेले.

डॉक्टरांनी महिनाभर जड काम बंद करायला लावलं. नवऱ्याला सुट्टी घ्यायची नव्हती, पण आता सुटका नव्हती. बाईंनी ओळखीपाळखीत शब्द टाकला आणि एक मेकॅनिक भेटायला आली. मोठ्या प्रवासी जहाजावर लिफ्ट सांभाळलेली, कमी बोलणारी. तिचा पहिलाच प्रश्न होता, "पगार वेळेवर होतो का?"

"वर्षाचा बाजूला काढून ठेवलाय," बाईंनी सांगितलं, आणि मग त्यांना राहवेना. "मला एक सांगा, जहाज लाटांवर कलतं तेव्हा लिफ्ट अडकत नाही?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. मेकॅनिकने मात्र खुर्ची पुढे ओढली, टेबलावरचे दोन चमचे उचलले आणि ते उभे धरून म्हणाली, "हे बघा. हे समजा लिफ्टचे रूळ. यांना धरूनच ती वर-खाली जाते."