शेळी म्हणजे कोण?

मित्रांनो, तुमच्या घरातला चष्मा एकाच नाकाचा असतो. माझं तसं नाही. मी महाडच्या एका वाचनालयातला सगळ्यांचा चष्मा आहे. घरी चष्मा विसरून आलेला जो कोणी असेल, त्याच्या नाकावर मी बसतो. कोणी चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून मला वर्तमानपत्रांच्या टेबलाला लांब सुतळीने बांधून ठेवलं आहे. काड्या जाड, काळ्या. एका काडीला चिकटपट्टी. देखणा तर मी कधीच नव्हतो, पण अलीकडे मला कोणी उचललं की नको वाटतं. लाज वाटते हो! कशाची, तेच आज सांगणार आहे.

कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या, ते काही मला फारसं आठवत नाही. आठवतं ते बाजारपेठेतलं दुकान आणि तिथे आलेले गोमाजी पोस्टमन. पत्ते वाचण्यासाठी त्यांनी मला घेतलं. लोकांची अक्षरं तरी काय एकेक! पण गोमाजींचं पत्र कधी चुकीच्या दारात गेलं नाही, आणि त्यात माझाही थोडा वाटा होता असं मी मानतो. पुढे ते निवृत्त झाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, माझी गरज सरली. मुलाकडे बदलापूरला निघताना ते वाचनालयात आले आणि तिथल्या सेवकाच्या, हरीच्या, हातात मला देऊन म्हणाले, "ठेव रे हरी इथंच. कोणाच्या तरी कामी येईल." त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

तेव्हापासून मी अख्ख्या गावाचं वाचन जवळून बघतो. इतकं जवळून कोणीच बघत नाही. एक वकील आधी राशिभविष्य वाचतात आणि कोणी आलं की घाईने अग्रलेखावर बोट ठेवतात. एक आजोबा रोज निधनवार्ता वाचतात. ओळखीचं नाव नसलं की सुस्कारा सोडून चहाला जातात. एक काकू मासिकातली प्रेमकथा वाचताना गालातल्या गालात हसतात, आणि पान उलटताना पदर सारखा करतात. मला सगळं दिसतं. डोळे ओळीवरून पुढे सरकतात की एकाच जागी घोटाळतात, हे माझ्यापासून लपवायची कोणाची टाप नाही.

दोन हजार एकवीसच्या महापुरात आमच्या वाचनालयात छातीइतकं पाणी शिरलं. हरीने सुतळी सोडून मला खिशात टाकलं म्हणून मी वाचलो. पुस्तकं मात्र चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर हरी आणि आणखी चारदोन जण मिळेल ते पुस्तक धुऊन, गच्चीवर वाळवून, खळ लावून चिकटवत बसले. कुठे पुठ्ठा होता तर पानं नव्हती, कुठे पानं होती तर पुठ्ठा नव्हता. त्या गडबडीत 'वणव्यानंतरचं गवत' या कादंबरीचा प्लास्टिक घातलेला पुठ्ठा भलत्याच पानांवर बसला. ती पानं होती शेळीपालनाच्या पुस्तकाची. हरीला मी दोष देत नाही. दिवसभर चिखल उपसलेल्या माणसाने आणखी काय काय बघायचं?

पुढे त्या कादंबरीला कुठलासा पुरस्कार मिळाला आणि आमच्याकडे तिच्यावर उड्या पडल्या. आता आमच्या वाचनालयात एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक भरते. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं, सध्या काय वाचतोय ते सांगायचं आणि ते वाचून मनाला काय वाटलं तेही सांगायचं. रीत सोन्यासारखी! पण माणसं एकेक करून ती कादंबरी घरी नेऊ लागली, टीपॉयवर पाहुण्यांना दिसेल अशी ठेवू लागली आणि बैठकीत उभी राहून सांगू लागली, "आतून हललो." आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक देवव्रत सर, तर म्हणाले की त्यांना दोन रात्री झोप आली नाही.

आणि सुमेधाबाई! शाळेत मराठी शिकवतात, बोलायला लागल्या की ऐकत राहावं. त्यांनीही ते पुस्तक नेलं. वह्या तपासणं, परीक्षा, घरचं आजारपण, यात ते उघडायचं राहून गेलं. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं त्या कादंबरीचं परीक्षण वाचलं. मला घालूनच वाचलं. दुसऱ्या दिवशी त्या उभ्या राहिल्या आणि कादंबरीतल्या सोसणाऱ्या आईबद्दल असं काही बोलल्या की मागच्या बाकावर कोणीतरी नाक शिंकरलं. मला तेव्हा गंमत वाटली, मित्रांनो. मनात म्हटलं, वा बाई, कमाल आहे तुमची!

त्या दिवशी मागच्या बाकावर कुशाबा बसले होते. वरंधचे शेतकरी. महाडला काही काम निघालं की परतीच्या एस.टी.पर्यंत आमच्याकडे येऊन बसत. नवेच सभासद. वाचन संथ, ओठ हलवत, बोट ओळीखाली धरून. पण त्यांच्या डोळ्यांवर बसायला मला जितकं आवडे तितकं कोणाच्याच नाही. ते एकही शब्द सोडत नसत.

बाईंचं बोलणं ऐकून कुशाबांनी तेच पुस्तक मागितलं. हरी ते त्यांच्यासाठी टेबलावर बाजूला काढून ठेवू लागला. पहिल्या पानावर त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या पानावर त्यांनी पुठ्ठा उलटून नाव पुन्हा वाचलं. मग मान हलवून ते वाचत राहिले, शेवटपर्यंत. आणि मित्रांनो, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग एक दिवस सुमेधाबाई पुस्तक बदलायला आल्या, तेव्हा ते उठून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"बाई, एक इचारू? हसनार नाय ना?"

"विचारा की, कुशाबा."

"आमच्या वरंधला श्रावनात पोथी लावतात. एक जन वाचतो नि दुसरा अरथ सांगतो. वाचनारा म्हनतो हरीन, अरथ सांगनारा म्हनतो हरीन म्हंजे आपला मन. तसा ह्या पुस्तकात शेळी हाय. पानोपान शेळीच हाय. तुमी त्या दिवशी आईचा दुख सांगितलात. तर शेळी म्हंजे कोन?"

कादंबरीत शेळी आहे की नाही, बाईंना काय ठाऊक! "मी वाचलेलं नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण समोर हरी उभा, पलीकडे वकील पेपर वाचत बसलेले.

"शेळी म्हणजे... सोसणारी बाई," त्या म्हणाल्या. "मुकाट्याने सगळं सोसते ती."

कुशाबांचा चेहरा असा खुलला! "आसा व्हय! तरीच! आन् मग जंताचा औषद?"

"ते तुमचं तुम्ही शोधायचं. पुन्हा वाचा, कळेल हळूहळू."

कुशाबा हात जोडून एस.टी.ला गेले. बाई मात्र तिथेच घुटमळल्या. जंताचं औषध त्यांच्या मनातून जाईना. शेवटी त्यांनी मला उचललं आणि पुस्तक उघडलं. समोर लिहिलं होतं: 'शेळीच्या पोटात जंत झाल्यास तिचे केस राठ होतात व वाढ खुंटते. औषध सकाळी उपाशीपोटी पाजावे.' त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. गोठ्याची जमीन, चारा, करडांची निगा. त्यांचे कान लाल झाले. माझ्या काड्यांना ती ऊब लागली.

देवव्रत सर तेवढ्यात आलेच. बाईंनी त्यांच्यापुढे पुस्तक धरलं. सरांनी वाचलं, पुस्तक मिटलं आणि इकडेतिकडे बघितलं.

"ह्याचा बोभाटा कशाला, सुमेधा? आपल्या बैठकीची पेपरात बातमी येते. होऊ दे ही बैठक, मग सावकाश बदलू."

"पण सर, कुशाबांना मी..."

"तो काय बोलणार आहे? लाजरा माणूस. मागे बसून ऐकतो."

बाईंनी ठरवलं होतं, कुशाबांना बैठकीआधी बाजूला घेऊन सांगायचं. पण रविवारी एस.टी. उशिरा आली आणि कुशाबा पोचले तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. धुतलेला सदरा घालून आले होते. बाईंकडे बघून हसले. बाईंनी उठून दोन पावलं टाकली असती तरी पुरे होतं. त्यांनी नजर पायांकडे वळवली.

आणि लाजरे कुशाबा त्या दिवशी स्वतःहून टेबलाशी येऊन उभे राहिले. मला नाकावर चढवलं. पुस्तक पोथीसारखं दोन्ही हातांत धरलं.

"मी ह्ये दोनदा वाचला," ते म्हणाले. "पयला कायच कळला नाय. मग बाईंनी अरथ सांगितला. शेळी म्हंजे सोसनारी बाय. जंत म्हंजे तिच्या पोटात राह्यलेला बोलना. बोलली नाय की तिची वाढ खुटते. आन् औषद उपाशीपोटी द्यायचा लिवलाय. म्हंजे पोट भरलेला आसला की मानूस खरा बोलत नाय. आसा मला वाटला."

काहींनी नेहमीच्या सवयीने माना डोलावल्या. तेवढ्यात गंधार नावाचा एक औषधविक्रेता पुढे झाला, "बघू काका," म्हणत पुस्तक घेतलं आणि मोठ्याने वाचलं, "'लेंडी पातळ झाल्यास...' अहो काका, हे शेळीपालन आहे!"

हशा फुटला. वकील हसले. टीपॉयवर पुस्तक मिरवलेले सगळे हसले. देवव्रत सरही रुमालाआडून हसले. कुशाबा मधोमध उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांवर मी. समोरचे हसणारे चेहरे त्या दिवशी मीच त्यांना मोठे करून दाखवले. त्या वेळी माझी काच फुटली असती तर फार बरं झालं असतं. बाईंची लबाडी बघून मी गंमत मानली होती, लाज वाटते ती त्याचीच.

"हसू नका!" सुमेधाबाई उठल्या. आवाज चिरकला होता. "अर्थ मी सांगितला. मी हे पुस्तक उघडलंही नव्हतं. मागच्या बैठकीत बोलले, तेही न वाचता. आणि त्यांच्याआधी ज्यांनी ज्यांनी हे घरी नेलं, त्यांनी आता सांगावं, आत शेळ्या आहेत हे कोणाला दिसलं होतं?"

वकिलांनी घड्याळ बघितलं. देवव्रत सरांनी रुमाल खिशात घातला. बाई कुशाबांसमोर गेल्या, हात जोडले आणि सगळ्यांदेखत रडल्या. "मला त्याच दिवशी कळलं होतं. आज तुम्ही आलात तेव्हाही सांगता आलं असतं. माझं तोंड उघडलं नाही. माफ करा मला."

कुशाबांनी मला डोळ्यांवरून काढलं. सदऱ्याच्या टोकाने माझ्या काचा पुसल्या. ते रागावले नव्हते, तेच तर वाईट होतं.

"बाई, पयल्याच पानावर मला कळला व्हता, ह्ये शेळ्यांचा पुस्तक हाय म्हनून. माज्या घरात चार शेळ्या हायत. पन तुमी सगळी शिकलेली मानसं आतून हाललो म्हनलात. मग मी माज्याच डोळ्यांना खोटा पाडला."

मला टेबलावर अलगद ठेवून ते गेले. बाई त्यांच्या मागोमाग एस.टी. स्टँडपर्यंत गेल्या. पुढच्या आठवड्यात वरंधलाही जाऊन आल्या. हरीला सांगत होत्या, तिथे त्यांना चहा मिळाला, घरच्या काकड्या मिळाल्या, माफीसुद्धा मिळाली. "येईन कदीतरी," असं कुशाबा म्हणाले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ते आले नाहीत. आता मला सगळ्यांत जास्त कोण उचलतं, तर सुमेधाबाई. पान न पान वाचतात. पण बैठकीत उभ्या राहत नाहीत.

मित्रांनो, माझी काच साफ ठेवा, काडी वाकवू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. "सध्या काय वाचतोस?" असं कोणी विचारलं आणि तुम्ही काहीच वाचत नसाल, तर "काही नाही" असं खुशाल म्हणा. वाचून काही कळलं नसेल, तर "कळलं नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही. एवढे दोन शब्द आमच्याकडे कोणी वेळेवर म्हटले असते, तर वरंधचा एक माणूस आजही ओळीखाली बोट धरून वाचत बसला असता.